शाळेला मिळालेली मुदत



शेताच्या दाव्यात तारीख मिळाली, म्हणून कोणी घरी येऊन स्वस्थ निजत नाही. माणूस कागद शोधतो, साक्षीदार गाठतो. तारीख म्हणजे निकाल नव्हे. तो तयारीला मिळालेला वेळ. शाळांचेही असेच आहे. कसे, ते एका दूरच्या शहराच्या हकीकतीवरून सांगतो.

अमेरिकेत शिकागो नावाचे मोठे शहर आहे. १८९३ साली स्वामी विवेकानंदांचे भाषण झाले, तेच हे शहर. वस्ती सुमारे २७ लाख. तिथल्या सरकारी शाळा एक मंडळ चालवते. १९९५ पासून या मंडळाची माणसे महापौर नेमीत असत. लोकांचे मत कोणी घेत नसे.

२०१३ च्या मे महिन्यात मंडळाने ठराव केला. जवळजवळ ५० शाळा एकदम बंद! कारण काय? पट कमी झाला आणि तिजोरीत पैसा नाही. हे कारण काही खोटे नव्हते. गरीब वस्त्यांतून माणसे उठून गेली होती. मोठ्या इमारतीत थोडीच पोरं बसत. पण दिवाबत्तीचा आणि डागडुजीचा खर्च थोडाच कमी होतो?

मग झळ कोणाला लागली? सुमारे १२,००० मुलांना. त्यांत १०० पैकी ८८ मुले काळ्या लोकांची होती. शाळा मोडली म्हणजे नुसत्या दाराला कुलूप लागत नाही. ओळखीचे मास्तर जातात. सोबती पांगतात. नव्या शाळेची वाट परक्या वस्तीतून जाते. तिथे तर गुंडांच्या टोळ्यांची भीती. म्हणून वाटेवर राखणीला माणसे उभी करावी लागली. पुढे शिकागो विद्यापीठाने या मुलांची पाहणी केली. २०१८ साली ती छापून आली. मुले अभ्यासात मागे पडली होती. गणितात तर चार वर्षे मागेच राहिली.

ठरावाच्या वेळी अधिकाऱ्यांनी वचन दिले होते, की आता पाच वर्षे शाळा बंद करणार नाही. पाच वर्षे सरली. २०१८ च्या फेब्रुवारीत पुन्हा ठराव आला. या वेळी एंगलवूड या गरीब वस्तीतल्या शाळांवर गदा आली. असे का झाले? मुदत होती, पण निर्णय घेणारे हात तेच होते.

लोक मात्र गप्प बसले नव्हते. डायेट नावाच्या शाळेसाठी २०१५ साली १२ जणांनी उपोषण केले. ते ३४ दिवस चालले. २०१६ साली ती शाळा पुन्हा उघडली. मंडळ आम्हीच निवडू, हे मागणे लोकांनी सोडले नाही. शेवटी २०२१ साली राज्याने कायदा केला. मंडळ लोकांनी निवडायचे. आणि जानेवारी २०२५ मध्ये नवे मंडळ बसेपर्यंत शाळा बंद करायच्या नाहीत. २०२४ च्या नोव्हेंबरात पहिले मतदान झाले. २१ पैकी १० सभासद लोकांनी निवडले. त्याआधी सप्टेंबरात जुन्या मंडळाने ही मुदत २०२७ पर्यंत वाढवली होती.

दोन मुदतींत फरक दिसला ना? पहिली नुसतीच सरली. दुसरीत लोकांच्या हाती कारभार येऊ लागला. पटाचा आणि पैशाचा प्रश्न अजून सुटलेला नाही. पण आता तो सोडवायला आईबाप बोलावल्याशिवाय चालणार नाही.

कमी पटाच्या शाळा आपल्याकडेही आहेत. २००९ च्या कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत चारांपैकी तीन सभासद पालक असतात. ती जागा रिकामी ठेवू नका. आता तुम्हांला वाचता येते. हजेरीपट वाचा. खर्च विचारा. पोरांची वाट पायांनी चालून मोजा. शाळेवर पाळी येण्याआधीच हे करा. आलीच, तर मिळालेला एक दिवसही वाया घालवू नका.