निवृत्तिवेतन : निवड आणि हिशेब



ब्रिटनमध्ये १९७८ साली कमाईशी निगडित सरकारी निवृत्तिवेतन सुरू झाले. १९८८ पासून त्याऐवजी व्यक्तिगत योजना स्वीकारण्याची मुभा मिळाली. तरुणाच्या गुंतवणुकीस वाढायला अवधी होता. निवृत्तीकडे झुकलेल्यास मात्र सरकारी हमीच बहुधा हिताची होती. दलालीच्या मोहाने अनेक विक्रेत्यांनी हा भेद झाकला. मालकाची उत्तम योजना सोडून हजारो खाणकामगार, परिचारिका, शिक्षकही फसले. पुढे कंपन्यांना अब्जावधी पौंडांची भरपाई द्यावी लागली.

आपल्याकडे १ एप्रिल २०२५ पासून केंद्रीय कर्मचाऱ्यांपुढे बाजाराधीन राष्ट्रीय प्रणाली की हमीची एकीकृत योजना, असा पर्याय आला. हिशेब न कळणाऱ्यास दिलेले निवडीचे स्वातंत्र्य हे निव्वळ जोखमीचे ओझे होय. तो हिशेब शिकविणे, हे शाळेचेही कर्तव्य आहे.