काळजी आणि कामगार



मानसशास्त्रावर बोलण्यासाठी कामगार चळवळीतल्या माणसाला का बोलावले, असा प्रश्न आपल्यापैकी काहींना पडला असेल. मलाही तो पडला होता. माझी शाळा नववीतच सुटली. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. माझे वडील त्यांतले एक. पुढे जे काही वाचले ते सार्वजनिक वाचनालयात बसून, इंग्रजी शब्दकोश मांडीवर घेऊन.

त्या संपातली उपासमार आता पुसट झाली आहे. ठळक आठवते ते निराळेच. रोज संध्याकाळी आई दारात विचारी, “काय ठरलं?” वडील चपला काढीत म्हणत, “अजून काही नाही.” या ‘अजून काही नाही’विषयीच मला आज बोलायचे आहे.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात थॉमस बोर्कोव्हेक नावाचे संशोधक निद्रानाशाचा अभ्यास करीत होते. शरीर थकले तरी डोक्यातले विचार थांबत नाहीत म्हणून पुष्कळांना झोप येत नाही, असे त्यांना दिसले आणि ते काळजीच्या अभ्यासाकडे वळले. १९८३ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावरील पहिले निबंध प्रसिद्ध केले. तोवर भीतीवर ढीगभर लिहिले गेले होते, पण काळजी ही स्वतंत्रपणे तपासण्याजोगी गोष्ट आहे असे फारसे कोणाला वाटले नव्हते. पुढे १९९० साली असे दिसून आले की काळजी मुख्यतः शब्दांत चालते, चित्रांत नव्हे. माणूस मनाशी बोलत राहतो. बोर्कोव्हेक यांचे म्हणणे असे की या बोलण्यामुळे भीतिदायक चित्र समोर यायचे टळते, क्षणभर बरे वाटते आणि त्यामुळेच सवय जडते. हे वाचताना मला आमच्या कार्यकारिणीच्या काही बैठका आठवल्या. खरा विषय निघू नये म्हणून तिथेही तीन-तीन तास बोलणे चालते!

मग काळजी करूच नये काय? १९८७ साली डॅनियल वेगनर यांनी टेक्सासमध्ये एक प्रयोग केला. लोकांना सांगितले, पाच मिनिटे पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका आणि आलाच तर घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या. ‘काळजी करू नका’ हे वाक्य मी गेटसभांतून तीस वर्षे ऐकवीत आलो. मी किती अस्वले सोडली असतील, कोण जाणे.

बोर्कोव्हेक यांचा उपाय उलटा होता. रोज एकाच जागी, एकाच वेळी अर्धा तास काळजीसाठी राखून ठेवायचा. दिवसा काळजी आली तर तिला त्या वेळेचा वायदा द्यायचा आणि हातातले काम करायचे. चार आठवडे हे करणाऱ्यांची काळजी न करणाऱ्यांपेक्षा कमी झाली. उपाय बिनपैशाचा आहे. मी स्वतः करून पाहिला आहे आणि मला गुण आला.

त्याच विद्यापीठातला २०२० साली छापलेला आणखी एक अभ्यास आहे. काळजीच्या विकाराने त्रस्त अशा २९ जणांनी आपापल्या काळज्या लिहून ठेवल्या आणि पुढे काय घडले ते पाहिले. शंभरांपैकी सुमारे एक्क्याण्णव काळज्या खोट्या ठरल्या. वाचून आनंद झाला. मग मनात आले की आमच्या कंत्राटी कामगाराकडून अशी वही लिहून घेतली तर हाच आकडा येईल का? मला तसे वाटत नाही.

आता एका कारखान्याची गोष्ट सांगतो. नाव घेत नाही. तिथे सव्वा वर्ष कुजबुज चालली होती की कारखाना बंद होणार. विचारायला गेलो की व्यवस्थापन म्हणे, “विचाराधीन आहे.” आमचा एक वेल्डर, वय पन्नाशीचे, रात्र रात्र जागा राही. चेहरा उतरला, पाळ्या चुकू लागल्या. मी म्हणायचो, “युनियन पाठीशी आहे, काळजी सोडा.” एके दिवशी फाटकावर बंदची नोटीस लागली. हा गडी कोसळणार, या धास्तीने मी त्याची वाट पाहत बसलो. तो संध्याकाळी कचेरीत आला, चहा प्याला आणि म्हणाला, “भाऊ, आज झोप लागेल. निदान कळलं तरी.”

मला त्याचा राग आला. ज्या नोटिशीविरुद्ध आम्ही लढत होतो, तीच याला सुटका वाटावी!

तो राग चुकीचा होता हे मला फार उशिरा कळले, तेही लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या २०१६ सालच्या एका प्रयोगामुळे. ४५ जणांना संगणकावर दगड उलटायला लावले. खाली साप निघाला की हाताला विजेचा झटका. घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्या यांवरून ताण मोजला. झटका नक्की बसणार हे ठाऊक असताना ताण सर्वांत जास्त नव्हता. तो सर्वांत जास्त होता शक्यता निम्मी-निम्मी असताना. माझा वेल्डर सव्वा वर्ष तो दगड उलटीत होता.

हा झाला खेळातला साप. इंग्लंडच्या सरकारी नोकरांवर १९८५ पासून चाललेल्या व्हाइटहॉल पाहणीत १०,३०८ नोकरदार होते. त्यांतले एक खाते खाजगी हातांत जाणार असे ठरले. जेन फेरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली दाखवून दिले की प्रत्यक्ष बदल होण्याआधीच, केवळ तो येणार या चाहुलीने, त्या खात्यातल्या लोकांची, विशेषतः पुरुषांची, प्रकृती इतर खात्यांच्या तुलनेने ढासळली होती. कोणाची नोकरी अजून गेलेली नव्हती. यंत्रात बोट गेले तर भरपाईचा दावा करता येतो. सव्वा वर्षाच्या झोपेची नोंद कोणत्या वहीत करायची?

मात्र सगळेच मालकाच्या माथी मारणे मला मंजूर नाही. सहा महिने, बहुतेक दिवस, कारण असो वा नसो, काळजी आवरत नसेल तर तो विकार असू शकतो आणि त्याला डॉक्टर लागतो. आमच्याकडे डॉक्टरच्या जागी बाटली येते, हे आपण जाणताच. उदासीनतेच्या आजारावर गोव्यात २०१७ साली प्रसिद्ध झालेली एक चाचणी आशा देणारी आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसोपचाराची पदवी नसलेल्या पण शिकवून तयार केलेल्या माणसांनी सहा-आठ बैठकांत रुग्णांशी बोलून त्यांना पुन्हा कामाधामाला लावले, आणि नेहमीच्या उपचारापेक्षा अधिक लोक बरे झाले. हे काम आमच्यातल्या माणसांनाही शिकता येईल, असे मला वाटते.

आमच्या मागणीपत्रांत आता एक कलम असते: बंद, बदली वा कपातीविषयी विचारले की व्यवस्थापनाने ‘होय’, ‘नाही’ किंवा ‘अमुक तारखेला सांगू’ असे लेखी द्यावे. पगारवाढीपेक्षा या कलमावर जास्त वाद होतो.

तो वेल्डर आता एका वर्कशॉपमध्ये कंत्राटावर आहे. मध्यंतरी भेटला तेव्हा त्याला मी अर्ध्या तासाची युक्ती सांगितली. त्याने नीट ऐकून घेतले. म्हणाला, “करून बघतो, भाऊ. पण तीन महिन्यांनी कंत्राट संपतंय. पुढं ठेवणार का, ते तेवढं विचारा.” आम्ही ठेकेदाराला पत्र दिले आहे. उत्तर अजून आलेले नाही.