पाहुण्यानं कधी उठावं?



मार्गशीर्षातल्या अमावस्येला, आपल्या येळवशीला, लातूर शहरातले रस्ते ओस पडतात. सगळी माणसं शेतात. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा होते आणि मग भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, माठातली आंबील. ज्याला शेत नाही त्याला शेतवाला आग्रहानं घेऊन जातो. बांधावरून जाणाऱ्या अनोळखी माणसालाही जेवल्याशिवाय सोडत नाहीत. आणि दिवस कलला की हाच पाहुणा आपणहून उठतो. त्याला कुणी 'निघा' म्हणत नाही. वाढणाऱ्याचा हात सैल आणि जेवणाऱ्याला वेळेचं भान, आपल्या मराठवाड्याच्या पाहुणचाराची ही बाजू मला फार मोलाची वाटते.

घरी मुक्कामाला गेलं की मात्र हे भान सुटतं. निघालेल्या पाहुण्याला "ऱ्हावा की, काय गडबड हाय?" म्हणायची आपली रीत आहे. त्या शब्दांत माया असते, पण तेवढ्यावर मुक्काम वाढवू नये. घरातली बाई तुमच्यासाठी कामावर खाडा करत असेल, नीटची तयारी करणारं पोर पुस्तकं उचलून मित्राच्या खोलीवर जात असेल, तर ते घर तोंडानं काही बोलणार नाही. ते आपणच ओळखायचं.

आणि पाणी! २०१६च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीनं ५ लाख लिटर आलं. त्या उन्हाळ्यात घरातला एक माणूस वाढणं म्हणजे काय, हे लातूरकरांना सांगायला नको. आजही आपल्याकडं पुष्कळ घरांत नळ रोज येत नाही. उन्हाळ्यात जाणाऱ्यानं आधी फोन करून नळाचा वार विचारावा. यात कमीपणा कसला?

मात्र गरजेनं आलेल्याचे दिवस मोजू नयेत. मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली आणि नांदेडच्या हुजूर साहिबला आलेले पंजाबातले हजारो यात्रेकरू अडकून पडले. एप्रिलअखेर बसगाड्या सुटू लागेपर्यंत, महिनाभर, गुरुद्वाऱ्यानं त्यांना निवारा दिला, लंगरातून जेवू घातलं. खेड्यातून नांदेडला दवाखान्यासाठी आलेला आपला सोयराही असाच अडलेला असतो. त्याचा रुग्ण भरती आहे, परतीची तारीख डॉक्टरच्या हातात आहे. त्याच्यासमोर कपाळाला आठी घालणं हा कोतेपणा आहे. त्यानंही संकोच सोडून पहिल्याच दिवशी आपली अडचण सांगावी, पाण्याची घागर भरू लागावी, भाजी आणावी.

बाकी आपण सगळे हौसेनं जाणारे. तेव्हा माझी एवढीच विनंती आहे: ह्या सुट्टीत कुणाकडं गेलात तर चहाचा कप हाती येताच परतीचा दिवस सांगून टाका, आणि त्या दिवशी खरोखर निघा.