शाळेची घंटा

पालघर, डहाणू, तलासरी, बोईसर भागातल्या गुरुजींशी आणि बाईंशी आज मला बोलायचं आहे ते तुमच्या व्हरांड्यात टांगलेल्या रुळाच्या तुकड्याबद्दल. आपल्या घंटेबद्दल.

नोव्हेंबर २०१८पासून धुंदलवाडीच्या बाजूला जमीन हादरत होती. १ फेब्रुवारी २०१९च्या शुक्रवारी तर सकाळपासून धक्के आणि दुपारी दोनच्या सुमारास मोठा, ४.१ तीव्रतेचा. पुढे वर्ग उघड्यावर भरवले, ते तुम्हाला आठवतच असेल. त्या शुक्रवारी डहाणू तालुक्यात दोन वर्षांची एक चिमुरडी गेली. घर पडून नाही हो. धावपळीत पडली आणि डोकं दगडावर आपटलं.

त्या दिवसांत एका शाळेत मी होते. धक्का जाणवला आणि कुणीतरी घाबरून घंटा बडवली. मुलांना घंटा म्हणजे सुट्टी. अख्खा वर्ग एका दारावर आदळला, त्यात दाराची एक फळी कडी लावून बंद. दोघींचे हात चेंगरले. जमीन तोवर केव्हाच शांत झाली होती.

तुमच्या घरी कुकर लागतो ना? दोन शिट्ट्यांना भात, चारला तुरीची डाळ. बाहेर अभ्यास करणारं पोरही ओरडतं, ‘आई, तिसरी झाली!’ त्याला हे कुणी परिपत्रक काढून शिकवलेलं नाही, रोज ऐकून कानात बसलंय. आणि शिट्टी न होता नुसता गॅसचा वास आला, तर तीच आई शेगडी बंद करते, दिव्याच्या बटणाला हात लावत नाही, खिडकी उघडते. खूण वेगळी, तर करायचं तेही वेगळं. मग शाळेत सगळ्याला एकच घंटा का?

कारण आपल्याकडे दोन संकटं आहेत आणि ती उलट वागायला लावतात. भूकंपात जागीच बाकाखाली शिरायचं. बाकं नसतील, बस्करावर बसत असाल, तर कपाट-खिडकीपासून सरकून, दप्तर डोक्यावर धरून खाली बसायचं. आता तारापूर एमआयडीसीकडून वायू आला असं समजा. ऑगस्ट २०२५मध्ये बोईसरच्या औषध कारखान्यातल्या गळतीत चार कामगार गेले, तेव्हा ही काल्पनिक भीती नाही. वायूंपैकी क्लोरीनचंच उदाहरण घ्या, हवेच्या जवळजवळ अडीच पट जड. तो जमिनीलगत साचतो. तिथे खाली बसवलेलं मूल त्याच्याच तोंडी! तेव्हा उभं राहायचं, दारं-खिडक्या लावायच्या, नाकाला ओलं फडकं. घरातला वायू बाहेर जायला हवा, कारखान्यातला आत यायला नको. आणि बाहेर पडायचा निरोप आलाच, तर वाऱ्याच्या दिशेने धावायचं नाही, वाऱ्याला आडवं चालायचं. त्यासाठी झेंड्याच्या खांबाजवळ एका बांबूला जुनी ओढणी बांधा. वारा कुठून येतोय ते पहिलीतलं मूलही सांगेल.

म्हणून सांगते. भूकंपाला घंटा नाहीच. बाईंचा आवाज, ‘खाली!’ वायूला पीटीची शिट्टी, म्हणजे आत आणि दारं बंद. घंटा फक्त धक्का थांबल्यावर, रांगेने मैदानात जायला. आवाज, शिट्टी, घंटा. महिन्यातून एकदा, परिपाठानंतर, पाच मिनिटं. मुलं पहिल्या दिवशी हसतील, हसू द्या. तिसऱ्या खेपेला तीच धाकट्यांना ओढून बसवतील.

आश्रमशाळांचं वेगळं आहे. तिथे मुलं रात्रीही असतात, अंधारात शिट्टी कुणी वाजवायची, किल्ली कुणाकडे... पण समोरून वेळेची खूण झाली, एकच मिनिट आहे म्हणे. तर ते राहू दे. दाराचं सांगते. उद्या शाळा उघडाल तेव्हा वर्गाच्या दाराची दुसरी फळी आधी उघडा. कडी गंजली असेल तर दोन थेंब खोबरेल सोडा, आणि शाळा सुटेपर्यंत ती लावू नका.