घरचा सर्व्हर बाहेरून कां दिसत नाहीं?

बीड शहराजवळची खजाना विहीर पाहावयास गेलेला मनुष्य बहुधा तिच्या पाण्याकडेच पाहतो. सोळाव्या शतकांत, अहमदनगरच्या निजामशाहीच्या काळांत बांधलेल्या या विहिरीचें खरें कौशल्य मात्र डोळ्यांआड आहे. तिच्यांत पाणी भुयारी मार्गानें येतें आणि भुयारी मार्गानेंच शेतांकडे जातें. एखाद्या शेतास पाणी पोंचलें नाहीं, तर विहिरींत वांकून पाहणाऱ्यास ती भरलेलीच दिसेल. दोष विहिरींत नसून वाटेंत असेल. घरीं चालविलेल्या सर्व्हरच्या बाबतींतहि बहुतेक वेळां हेंच घडतें.

सर्व्हर म्हणजे कांहीं अद्भुत यंत्र नव्हे. मागितलेलें पान मागणाऱ्यास पुरविणारा संगणक, एवढाच त्याचा अर्थ. समजा, बीड जिल्ह्यांतील एखाद्या शिक्षकानें घरच्या जुन्या संगणकावर मुलांसाठीं धडे, कवितांचें वाचन आणि गणिताचीं उदाहरणें ठेविलीं आहेत. या जिल्ह्यांतून दरवर्षीं दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारों कुटुंबें ऊसतोडणीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात. त्यांच्याबरोबर मुलेंहि जातात, आणि गाळपाचा हंगाम संपेपर्यंत शाळा दुरावते. कारखान्याजवळच्या कोपीवर बापाच्या फोनवर हे धडे उघडावे, हा त्या शिक्षकाचा हेतु. त्याच्या घरांत ते झटकन् उघडतात. कोपीवर मात्र उघडत नाहींत.

अशा वेळीं मनुष्य सर्व्हरचीच पुन्हा पुन्हा मांडामांड करीत बसतो. तें बहुधा व्यर्थ असतें. बाहेरून येणाऱ्या मागणीला कित्येक दारें ओलांडावीं लागतात. तीं आंतून बाहेर, एकेक करून तपासणें हाच खरा मार्ग होय.

पहिलें दार संगणकाचेंच. धडे त्याच संगणकावर उघडतात, पण घरांतल्या दुसऱ्या फोनवर उघडत नाहींत, असें असेल तर दोष येथेंच आहे. कित्येकदां सर्व्हर केवळ १२७.०.०.१ या पत्त्यावर कान देऊन बसलेला असतो. हा पत्ता म्हणजे स्वतःचें स्वतःशींच बोलणें. तेथें परक्याची हांक ऐकूं येत नाहीं. किंवा संगणकाच्या फायरवॉलनें, म्हणजे पहारेकऱ्यानें, वाट अडविलेली असते.

दुसरें दार राउटरचें. घरांतील यंत्रांचे १९२.१६८ नें आरंभ होणारे पत्ते हे वाड्यांतील खोल्यांच्या क्रमांकांसारखे आहेत. अशा खासगी पत्त्यांचे तीन गट १९९६ सालीं नियमानें राखून ठेवण्यांत आले. ते घरोघर तेच ते असतात, म्हणून बाहेर त्यांस अर्थ नाहीं. बाहेरच्या जगास वाड्याचा एकच पत्ता ठाऊक असतो. आंतून कोणी पत्र धाडलें, तर राउटर त्याची नोंद ठेवतो आणि उत्तर आलें म्हणजे बरोबर त्या खोलींत पोंचवितो. परंतु अनोळखी मनुष्य आपण होऊन दारीं आला, तर त्यास कोणत्या खोलींत न्यावें, हें राउटरला कसें कळावें? तें त्यास आधीं सांगून ठेवावें लागतें. ८० किंवा ४४३ क्रमांकाच्या पोर्टवर येणारी मागणी अमुक संगणकाकडे न्यावी, या आज्ञेस पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. येथें एक खुबी आहे. राउटर संगणकास दिलेला पत्ता पुढेंमागें बदलूं शकतो. मग आज्ञा कायम राहते आणि खोलीं भलताच भाडेकरू येतो. म्हणून तो पत्ता त्या संगणकाच्या नांवें राखून ठेवावा.

यापुढची परीक्षा घरच्या वाय-फायवरून घेऊं नये. आंत बसून बाहेरचा पत्ता विचारला असतां कांहीं राउटर गोंधळतात, आणि दार उघडें असूनहि बंद भासतें. फोनचें वाय-फाय बंद करून मोबाइलच्या डेटावरून पाहावें. उत्तराचा प्रकारहि ध्यानांत घ्यावा. तात्काळ नकार आला, तर मागणी कोणत्या तरी यंत्रापर्यंत पोंचली, पण तेथें घेणारा नव्हता, असें बहुधा समजावें. नुसतीच वाट पाहावी लागली, तर ती मध्येंच कोठें तरी गडप झाली.

एवढें सारें यथास्थित असूनहि वाट बंदच राहिली, तर शेवटच्या दाराशीं यावें. तें घरमालकाचें नव्हे, इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीचें आहे. इंटरनेटच्या पत्त्यांची जुनी, अद्यापहि चालू असलेली पद्धति ३२ बिटांची असल्यामुळें तींत सुमारें ४२९ कोटींहून अधिक पत्ते होऊं शकत नाहींत. त्यांचा जागतिक मध्यवर्ती सांठा ३ फेब्रुवारी २०११ रोजीं संपला. तेव्हां अनेक कंपन्यांनीं पुष्कळ घरांमिळून एकच सार्वजनिक पत्ता देण्याची रीत अंगीकारली. त्यासाठीं १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते २०१२ सालीं वेगळे काढण्यांत आले. म्हणजे वाड्याबाहेर आणखी एक मोठा वाडा उभा राहिला, आणि त्याच्या देवडीवरील पहारेकरी घरमालकाची आज्ञा ऐकत नाहीं.

ओळखण्याची खूण सोपी आहे. राउटरच्या पानावर बाहेरच्या बाजूचा पत्ता लिहिलेला असतो तो टिपून घ्यावा. आणि आपला पत्ता दाखविणाऱ्या बाहेरच्या एखाद्या पानावर काय दिसतें तें पाहावें. दोन्ही एकच असतील तर कंपनीचा पत्ता सरळ आहे. भिन्न असतील, तर राउटरमध्यें कितीहि फेरफार केले तरी बहुधा उपयोग व्हावयाचा नाहीं. मात्र घरांतच एकापुढें एक असे दोन राउटर बसविलेले नाहींत ना, तेवढें आधीं पाहावें.

यावर उपाय तीन. कंपनीकडे सार्वजनिक पत्ता मागावा. त्यास बहुधा निराळें शुल्क पडतें. दुसरा उपाय आयपीव्ही-६ या नव्या पद्धतीचा; तींत पत्ता १२८ बिटांचा असल्यामुळें टंचाईचें कारण उरत नाहीं. मात्र राउटरच्या फायरवॉलमध्यें वाट मोकळी करावी लागते, आणि पाहणाऱ्याकडेहि हीच पद्धति असावी लागते. तिसरा उपाय असा कीं, बाहेर सार्वजनिक पत्ता असलेला एखादा संगणक भाड्यानें घ्यावा आणि घरच्या सर्व्हरनें आपण होऊन त्याच्याशीं जोडणी कायम राखावी. आंतून बाहेर जाणाऱ्यास पहारेकरी अडवीत नाहीं. त्याच वाटेनें बाहेरच्यांच्या मागण्या आंत येतात.

दार उघडतांना एक सावधगिरी हवी. तें विद्यार्थ्यास उघडें झालें, तसें चोरासहि झालें. उघडीं पोर्टें शोधीत फिरणारे प्रोग्राम इंटरनेटवर अहोरात्र चालू असतात. म्हणून लागेल तेवढेंच पोर्ट उघडावें, गुप्तशब्द कठीण ठेवावा, आणि सर्व्हरची प्रत वेळोवेळीं नवी करीत जावी.

रेडिओचा संच ऐकवितो, पण त्यावरून श्रोत्यास बोलतां येत नाहीं. इंटरनेटची मूळ रचना तशी नव्हती. त्यांत प्रत्येक यंत्रास घेण्याचा आणि देण्याचा सारखाच अधिकार होता. पत्त्यांच्या टंचाईनें पुष्कळ घरांना केवळ श्रोते करून ठेविलें, आणि बहुतेकांस त्याची जाणीवहि नाहीं. ज्यास घेण्यासारखेंच कांहीं द्यावयाचेंहि आहे, त्यानें इंटरनेटची जोडणी घेतांना वेगाची आणि दराची चौकशी करावी, त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा: या घरास सार्वजनिक पत्ता मिळेल काय? तो मिळाला, तर कारखान्याजवळच्या कोपींतील मुलासहि आपल्या गांवचा धडा ऐकतां येईल.