जुन्या ओम्नीला दुसरं इंजिन

दापोली तालुक्यातल्या केळशीच्या खाऱ्या वाऱ्यात गाडीचा पत्रा आधी जातो, इंजिन मागाहून. १९८४ साली आलेली मारुती व्हॅन, म्हणजे आपली ओम्नी. तिचं ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं इंजिन पुढच्या सीटखाली. सीट उचलली की समोर!

ते बदलायचंय? आधी खालचा पत्रा हातोडीने ठोकून पाहा. गंजाचा भुगा पडला, तर इंजिनावर पैसे घालू नका. पत्रा धड असेल, तर त्याच जातीचं जुनं इंजिन गिअरबॉक्ससकट घ्या. माउंटिंग, क्लच जुळतात. वेल्डिंगचा खर्च वाचतो.

मात्र मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरटीओची मंजुरी हवी. नवा इंजिन नंबर आरसी बुकात चढवा, विमा कंपनीलाही कळवा. मगच दापोलीचा चढ चढा!