खुरप्याला ना नाव, ना भाव
(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



कापसाच्या आणि ज्वारीच्या भावावर आपण पुष्कळ बोललो, पुढेही बोलू. आज खुरपे, विळा, फावडे यांच्याबद्दल बोलायचे आहे. विषय लहान वाटेल. पण निंदणाच्या दिवसांत जिच्या हातात सकाळपासून खुरपे असते, तिला विचारा तो किती लहान आहे ते.

एकाच पेठेत चार दुकाने फिरा. तेच खुरपे, तीच लाकडी मूठ आणि भाव चार. ओळखीच्याला एक, अनोळख्याला दुसरा, मृगाचा पाऊस पडला की तिसराच. पाकीटबंद मालावर कमाल किंमत छापावीच लागते. 2011 चे नियम तसे सांगतात. खुरपे सुटे विकतात, म्हणून त्यावर किंमत नाही आणि बनवणाऱ्याचे नावही नाही. वाईट निघाले तर धरायचे कोणाला? दुकानदार म्हणतो, "वरूनच असा माल येतो." वर म्हणजे कुठे, हे त्यालाही ठाऊक नसते.

माल बिघडला कशाने? धार टिकते ती पोलादातल्या कार्बनवर आणि लोहाराने दिलेल्या पाण्यावर. जुना लोहार ट्रकचा कमानपाटा ठोकून खुरपे घडवायचा. त्या पोलादात अर्धा टक्का किंवा त्याहून जास्त कार्बन असतो. लाल तापवून विझवले की ते कडक होते. आजची पुष्कळ स्वस्त खुरपी मऊ पत्र्यातून कापलेली असतात. पाव टक्क्याहून कमी कार्बनच्या त्या लोखंडाला कितीही पाणी पाजा, धार धरत नाही. वरून काळा रंग फासला की भट्टीतून निघाल्यासारखे दिसते, एवढेच. मग काळ्या जमिनीत दोन तासे होत नाहीत तोच धार वळते. बाई दगडावर घासते, पुन्हा बसते आणि मागे राहिली म्हणून वर बोलणीही खाते. तणाची मुळी तुटत नाही, नुसता शेंडा तुटतो. आठवड्यात तण पुन्हा उभे. कपाशीला पहिले दोन महिने तण सोसत नाही, हे तुम्हाला आम्ही शिकवायला नको. स्वस्त खुरप्याची खरी किंमत मजुरीच्या वहीत निघते.

सरकार म्हणते, हातअवजारांवर जीएसटी शून्य आहे. 2017 पासून तसे आहे, खरे. पण ज्या पोलादातून अवजार घडते त्यावर 18 टक्के आहे. तयार माल करमुक्त, म्हणून कारखानदाराला हा कर वळता करून मिळत नाही. तो तुमच्या खुरप्यात येऊन बसतो. अशी ही माफी!

भाव बांधून द्या, असे आम्ही सरकारला म्हणणार नाही. बांधलेल्या भावाने माल कसा गायब होतो ते आपण पाहिले आहे. अवजारावर बनवणाऱ्याचे नाव ठोकलेले असावे, पोलाद कोणते ते सांगावे, भाव दुकानाच्या फळीवर लिहावा, एवढेच मागणे आहे.

तोवर खरेदीला जाताना खिशात कानस ठेवा. धारेवर फिरवा. लोण्यासारखी खात गेली तर माल मऊ. घसरत, अडखळत गेली तर पाणी बसलेले. बिल मागा. 200 रुपयांच्या आत नोंदणीकृत दुकानदार आपणहून बिल देणार नाही, पण मागितले तर त्याला द्यावेच लागते. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही. एका खुरप्यासाठी कोण जाईल? पण गावाने पन्नास खुरपी एका बिलावर घेतली तर जाता येते.

प्रत्येक तालुक्याने पेरणीआधी आपल्या पेठेतले भाव आणि कानशीचा निकाल लिहून आणावा. ज्या गावात भाता अजून चालतो, तिथल्या लोहाराचा भावही त्यात लिहा.